एस९ची बॉडी लहान आहे, पण फोटो लेन्समधून येतो

पॅनासोनिकने २२ मे २०२४ला लुमिक्स एस९ हा कॅमेरा जाहीर केला आणि तेव्हापासून फोटोग्राफीच्या ग्रुपांवर दोन तट पडलेत. एक म्हणतोय, फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर) अखेर खिशात आलं. दुसरा म्हणतोय, व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) नाही, मेकॅनिकल शटर (सेन्सरपुढे उघडमीट करणारा पडदा) नाही, हे खेळणं आहे. दोघेही बॉडीबद्दलच भांडतायत. माझं म्हणणं सरळ आहे: आकार मोजायचा तर लेन्स लावून मोजा, आणि फोटोचा दर्जा मोजायचा तर त्या लेन्समधून आत किती प्रकाश येतो इथून सुरुवात करा. हे दोन हिशेब एकत्र मांडले की एस९ वेगळाच दिसायला लागतो.

आधी बॉडी. १२६ मिमी रुंद, ७३.९ मिमी उंच, ४६.७ मिमी जाड. बॅटरी आणि कार्डासकट ४८६ ग्रॅम. आत २४.२ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम सेन्सर, फेज डिटेक्शन ऑटोफोकस आणि सेन्सर हलवून स्थिर करणारी यंत्रणा. म्हणजे मूळ सामग्री पॅनासोनिकच्याच मोठ्या एस५ टूची, आणि एस५ टू ७४० ग्रॅमचा आहे. अडीचशे ग्रॅम वाचवलेत, हे मान्यच करायला हवं. ते कुठून वाचले तेही उघड आहे: व्ह्यूफाइंडर गेला, मेकॅनिकल शटर गेलं, दुसऱ्या कार्डाची खाच गेली, थंडावा देणारा पंखा गेला, पुढची पकड गेली. बॅटरी मात्र एस५ टूचीच ठेवली, हे शहाणपणाचं.

आता लेन्स. एल माउंटवर (पॅनासोनिक, सिग्मा आणि लायकाची सामायिक लेन्स-जोडणी) एस९ आला तेव्हा या बॉडीला शोभतील अशा लेन्स थोड्याच होत्या. लेन्सच्या नावातला पहिला आकडा फोकल लांबीचा, मिलिमीटरमध्ये; दुसरा एफ-आकडा, तो जितका लहान तितका प्रकाश जास्त. पॅनासोनिकची २०-६० एफ/३.५-५.६ ही ३५० ग्रॅमची आणि ८७ मिमी लांब. ती लावली की एकूण ८३६ ग्रॅम आणि पुढून मागे जवळजवळ साडेतेरा सेंटीमीटर. ५० एफ/१.८ लावली तर ७८६ ग्रॅम, लांबी तिचीही ८२ मिमी. पॅनासोनिकच्या १८, २४, ३५, ५० आणि ८५ या सगळ्या एफ/१.८ लेन्स मुद्दाम एकाच लांबीच्या केल्यात. गिंबलवर (कॅमेरा स्थिर धरणारी दांडी) लेन्स बदलली तरी तोल पुन्हा साधावा लागत नाही म्हणून व्हिडिओवाले त्यावर खूश असतात, पण लहान बॉडीला त्याचा काही उपयोग नाही. त्यातल्या त्यात सिग्माची ४५ एफ/२.८ बरी: २१५ ग्रॅम, ४६ मिमी. एकूण ७०१ ग्रॅम. जॅकेटच्या मोठ्या खिशात जाईल, पँटच्या नाही.

लेन्स लहान का होत नाही, हा प्रश्न दरवेळी येतो. फुल फ्रेमला लेन्सने ४३.३ मिमी व्यासाचं चित्र कोपऱ्यापर्यंत स्वच्छ पाडावं लागतं. कोपऱ्यात किरण फार तिरके पडले तर काळोखी येते आणि रंग फाटतात. ते सरळ आणायला मागच्या बाजूला मोठी भिंगं लागतात, वर ऑटोफोकसची मोटर आणि ॲपर्चरची पाती. बॉडी कितीही कापा, यातलं काही कमी होत नाही. कमी करायचा एकच सोपा मार्ग आहे: ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचं छिद्र, लहान करा.

पॅनासोनिकने नेमकं तेच केलंय. एस९सोबत आलेली २६ मिमी एफ/८ ही ५८ ग्रॅमची आणि १८.१ मिमी जाड लेन्स. जाहिरातीत खिशात जाणारा जो एस९ दिसतो, तो हिच्यासकट. हिला ऑटोफोकस नाही, ॲपर्चरची पाती नाहीत, बॉडीशी बोलणारे संपर्कबिंदूही नाहीत. म्हणून स्थिरीकरणासाठी मेनूत जाऊन २६ हा आकडा हाताने भरावा लागतो. विसरलात आणि आधीच्या लेन्सचा ५० तसाच राहिला, तर सेन्सर गरजेपेक्षा जास्त हलतो आणि यंत्रणाच फोटो हलवते. फोकसचं मात्र सोपं आहे: साधारण २.८ मीटरवर लावून ठेवा, १.४ मीटरपासून अनंतापर्यंत सगळं चालण्याइतपत स्पष्ट येतं. आणखी एक, कायम एफ/८ म्हणजे सेन्सरवरची धूळ आकाशात ठिपक्यांसारखी दिसणार. ब्लोअर सोबत ठेवा.

आणि आता दर्जा. लेन्सची फोकल लांबी भागिले एफ-आकडा केलं की प्रकाश आत येण्याच्या छिद्राचा व्यास मिळतो. एकाच कोनाच्या दृश्यासाठी आणि एकाच शटर स्पीडला दोन कॅमेऱ्यांत एकूण प्रकाश किती येतो, हे या व्यासावर ठरतं. सेन्सरचा आकार त्यात वेगळा धरावा लागत नाही. २६ भागिले ८ म्हणजे सव्वातीन मिलिमीटर. आयफोन १५ प्रोचा मुख्य कॅमेरा एफ/१.७८चा, त्याचं छिद्र साधारण ३.८ मिमी. संध्याकाळी घरात, दोघांनाही १/५० सेकंदाला बांधून ठेवलं, तर फोन या फुल फ्रेमपेक्षा सव्वापटीहून जास्त प्रकाश गोळा करतो, आणि त्यावर अनेक फ्रेम एकत्र करायची त्याची हातचलाखी वेगळीच. घरातल्या साध्या उजेडात, म्हणजे ईव्ही (उजेडाचं माप) ५ धरलं तर, एफ/८ आणि १/५०ला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०,००० लागतो. त्याच बॉडीवर एफ/१.८ लावली तर ५०० पुरतो.

दुपारच्या उन्हात हे गणित बदलतं, हेही सांगायला हवं. तिथे प्रकाशाची ददात नसते, आयएसओ १००वर सेन्सर काठोकाठ भरता येतो, आणि मोठा सेन्सर जास्त प्रकाश साठवतो. सावल्या उजळ केल्या तरी नॉइज (दाणेदार खरखर) फारसा येत नाही. तेव्हा २६ एफ/८ घेऊन कोकणातल्या भर दुपारी फिरणाऱ्याला एस९ फुल फ्रेमचा पूर्ण मोबदला देईल. फक्त त्याच उन्हात, व्ह्यूफाइंडरशिवाय, मागचा स्क्रीन दिसायला हवा.

खरी गंमत तुलनेत आहे. एस९च्या सहा दिवस आधी, १६ मेला, फुजीफिल्मने एक्स-टी५० आणि नवी १६-५० एफ/२.८-४.८ लेन्स जाहीर केली. एक्स-टी५० ४३८ ग्रॅम, लेन्स २४० ग्रॅम, एकूण ६७८. सेन्सर एपीएस-सी, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान, म्हणून आपल्याकडचा ठरलेला शेरा: "दर्जात मार खाणार." छिद्र मोजून बघा. फुजीच्या लांब टोकाला ५० भागिले ४.८, म्हणजे १०.४ मिमी. एस९वर २०-६०च्या लांब टोकाला ६० भागिले ५.६, म्हणजे १०.७. दृश्याचा कोन वेगळा आहे (फुजीचा ५० फुल फ्रेमच्या ७५ मिमीएवढा), पण एस९चा फोटो त्याच कोनाला कापला तर कमी उजेडात दोघांचा नॉइज आणि पार्श्वभूमीची धूसरता जवळपास सारखीच येणार. फरक एवढाच की फुजीची जोडी १५८ ग्रॅमने हलकी, आणि तिच्यात व्ह्यूफाइंडर, मेकॅनिकल शटर आणि छोटा फ्लॅशसुद्धा आहे. लहान एपीएस-सी बॉडी आणि बऱ्यापैकी उजळ झूम याने जे मिळतं, तेच फुल फ्रेम आणि मंद झूमने मिळतं. पॅनासोनिकची १८-४० एफ/४.५-६.३ नंतर २०२४मध्येच आली. तिच्या लांब टोकाला छिद्र ६.३ मिमी. ऑटोफोकस असलेली छोटी लेन्स म्हणून स्वागत, पण अंधारात फुल फ्रेमचा जो फायदा मोजून घेतला होता, तो तिथे परत द्यावा लागतो.

फुल फ्रेमच हवा असेल तरी सोनीचा ए७सी टू बघितल्याशिवाय पैसे काढू नका. ५१४ ग्रॅम, २८-६० लेन्स १६७ ग्रॅम, एकूण ६८१. व्ह्यूफाइंडर आहे, अर्धं मेकॅनिकल शटरही आहे: पहिला पडदा इलेक्ट्रॉनिक, दुसरा मेकॅनिकल. किंमत जास्त: अमेरिकेत जाहीर झाली तेव्हा सुमारे २,२०० डॉलर, एस९ जाहीर झाला तेव्हा १,५०० डॉलरचा. पॅनासोनिकचा खरा जोर किमतीत आहे, आकारात नाही, असं माझं मत.

मेकॅनिकल शटरबद्दल थोडं सविस्तर, कारण भारतात हा मुद्दा जास्त बोचतो. इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर एका ओळीमागून एक वाचतं. सगळा सेन्सर वाचून होईपर्यंत समोरचं जग थांबत नाही. छताच्या पंख्याचं बघा: मिनिटाला ३५० फेरे घेणारा पंखा ५० मिलिसेकंदांत शंभर अंशांहून जास्त फिरतो, २० मिलिसेकंदांत चाळीसच. पहिल्यात पाती कोयत्यासारखी वाकलेली दिसतील, दुसऱ्यात नुसती तिरपी. आणि आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. लग्नाच्या हॉलमध्ये १/५००ला फोटो काढला की नवरदेवाच्या फेट्यावर आडवे पट्टे.

हीच लुकलुक मोजपट्टी म्हणूनही वापरता येते, आणि दुकानात पाच मिनिटांत होते. स्वस्त एलईडीच्या उजेडात पांढरी भिंत घ्या, कॅमेरा आडवा, शटर १/१००० किंवा त्याहून जलद, आयएसओ हवा तेवढा. फोटोत वरपासून खालपर्यंत उजळ पट्टे मोजा. प्रत्येक पट्टा म्हणजे दहा मिलिसेकंद. दोन पट्टे दिसले तर वाचन वीस मिलिसेकंदांत होतं, पाच दिसले तर पन्नास. ही चाचणी फोटो मोडमध्येच करा. व्हिडिओत कॅमेरा कमी बिट वाचतो, त्यामुळे तिथला आकडा चांगला येतो आणि यूट्यूबवरच्या चाचण्या बहुतेक व्हिडिओच्याच असतात. पट्टे घालवायचे तर शटर १/१०० किंवा १/५०. १/६० आणि १/१२५ला पट्टे फिके होतील, जाणार नाहीत. डिमर लावलेला स्टेजचा एलईडी याहून वेगळ्या वेगाने लुकलुकतो, त्याला हा उपाय लागू पडत नाही, तिथे शटर बारीक पायऱ्यांनी सरकवत स्क्रीनवर पट्टे विरेपर्यंत बघायचं.

फ्लॅशचा विषय एका ओळीत संपतो. एस९च्या वरच्या खाचेत विजेचे संपर्कच नाहीत. माइक बसेल, फ्लॅश पेटणार नाही.

नमुना फोटो बघून दर्जा ठरवणाऱ्यांसाठी एक आठवण. एस९च्या जपानी उत्पादन-पानावर स्टॉक फोटो होते, दुसऱ्याच कॅमेऱ्यांनी काढलेले, आणि ओरड झाल्यावर पॅनासोनिकला दिलगिरी व्यक्त करावी लागली. तोवर त्या पानावरचे "फुल फ्रेमचे रंग" किती जणांनी वाखाणले असतील ते देव जाणे. तुलना करायची तर रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) घ्या, एकच शटर स्पीड, एकच कोन. एक्स-टी५०चा ४० मेगापिक्सेलचा फोटो आधी ६००० गुणिले ४००० ला खाली आणा आणि मगच एस९शेजारी ठेवा. शंभर टक्के मोठा करून दोन वेगळ्या मेगापिक्सेलच्या फायली बघितल्या तर जास्त पिक्सेलवाला नेहमी खरखरीत वाटतो. आणि ६००० पिक्सेल ३०० डीपीआयने वीस इंच रुंद छापले जातात. त्यापुढच्या भांडणाला फार थोड्यांच्या भिंती पुरतात.

मग एस९ कोणी घ्यावा? ज्याच्याकडे एस५ टू आणि दोन-तीन एल माउंट लेन्स आधीच आहेत, त्याला दुसरी बॉडी म्हणून ही चोख आहे. सेन्सर तोच, रंग जुळतात, बॅटऱ्या एकमेकांत चालतात, लट (रंगांचे तयार साचे) बॉडीतच भरता येतात. सेन्सरची पूर्ण ३:२ चौकट व्हिडिओत मिळते, त्यामुळे एकाच शूटमधून आडवा व्हिडिओ आणि उभं रील दोन्ही कापता येतात. ५० मेगाबिटचा नवा हलका फॉरमॅट मिनिटाला सुमारे ३७५ एमबी खातो, ६के मोडचा २०० मेगाबिटचा दीड जीबी. फोनवर घेऊन लगेच टाकायचं असेल तर हलका बरा.

पण कीर्तन, भाषण किंवा नाटक एकसलग टिपायचं असेल तर जपून. पंखा नसल्याने, २०२४मध्ये आला तेव्हा ६के पूर्ण चौकट दहा मिनिटांत थांबत होती, ४के पंधरा मिनिटांत. थांबलं तर पुन्हा बटण दाबायला माणूस जवळ हवा आणि मधले काही सेकंद जातात. हेडफोनचा जॅकही नाही. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घ्या, तो सलग चालू ठेवा आणि कॅमेऱ्याचे तुकडे एडिटमध्ये त्याच्या आवाजावर जुळवा.