दहानंतरचं कुलूप

कॉलेजचे प्रवेश सुरू झाले की गोव्यात फर्मागुडी, ताळगाव, कुंकळ्ळी भागात खोल्या शोधणाऱ्या आईबापांची वर्दळ वाढते. मुलीसाठी खोली असेल तर प्रश्न ठरलेले. पाणी किती वेळ येतं? डबा कुठून मिळतो? गेट किती वाजता बंद होतं? घरमालक ऐटीत सांगतात, "दहाला चॅनल गेटला कुलूप. चावी आमच्याकडे." आईबाप निर्धास्त. मला मात्र तिथेच धडकी भरते.

भाचीसाठी अशीच एक जागा पाहिली. वर चार खोल्या, उतरायला एकच जिना, जिन्याखाली विजेचे मीटर आणि तिथेच चार्जिंगला लावलेली स्कूटर. खिडक्यांना वेल्डिंग केलेले ग्रिल. विचारलं, आग लागली तर मुली बाहेर कुठून पडणार? घरमालक काका हसले. "अहो, आग लागेलच कशी? खोलीत गॅस ठेवूच देत नाही!"

गॅस नाही म्हणून तर इंडक्शन येतं ना! ते 2000 वॅटचं आणि भिंतीतला लहान सॉकेट 6 अँपिअरचा, म्हणजे जेमतेम 1380 वॅटचा. मोठा पॉइंट फक्त बाथरूममध्ये, गिझरसाठी. मग गादीमागे एक्स्टेंशन. तपासणीला कुणी आलं की गरम केटल कपड्यांच्या कपाटात. बंदीने एवढंच साधतं.

आणि माणूस जळण्याआधी गुदमरतो. डिसेंबर 2025 मध्ये हडफड्याच्या नाइटक्लबला लागलेल्या आगीत 25 जण गेले. बहुतेक तिथले कामगार, आणि बरेचसे धुरानेच. जिन्याखाली पेट घेतला तर तो एकुलता एक जिना म्हणजे धुरांडंच. 101 ला फोन लावाल, बंबही येईल. पण तोवर मुलींनी काकांच्या खोलीतून चावी कशी आणायची?

ताईला हे पटत नाही. "आतून उघडणारं गेट म्हणजे पोरी रात्री बाहेर जाणार," असं तिचं म्हणणं. जातील एखाद्या वेळी. त्याची काळजी मला कमी वाटते.

घरमालकांनो, दर महिन्याचं भाडं ॲडव्हान्स घेता. त्यातून गेटला आतून विनाचावी उघडणारी कडी लावा, मागच्या एका ग्रिलला उघडणारी झडप करून घ्या, पॅसेजमध्ये स्वतंत्र एमसीबीवर (भार जास्त झाला की वीज तोडणाऱ्या स्विचवर) 16 अँपिअरचा पॉइंट द्या. आणि ती स्कूटर जिन्याखालून आजच हलवा.