स्पॅनिश शिकायचंय ना, मग आधी इंग्लिश बाजूला ठेवा

गेल्या आठवड्यात आमच्या वाडीतला एक मुलगा घरी आला, वय 29, बोटीवर दोन कॉन्ट्रॅक्ट झालीत त्याची, आता पुढची बोट साउथ अमेरिकेच्या रूटवरची मिळणारेय. म्हणाला काका, तुम्हाला स्पॅनिश येतं असं ऐकलं, मला पण शिकायचंय पण आता या वयात जमेल का. अरे 29 ला कसलं वय! मी सुरुवात केली तेव्हा 41 चा होतो, बोटीवर फिटर, आता 47 चालू आहे. त्याला ओटीवर बसवून दीड तास जे काय सांगितलं तेच इथे लिहितोय, कारण मेसेजमध्ये पण हाच प्रश्न बऱ्याच जणांचा असतो आणि प्रत्येकाला वेगळं टाइप करणं होत नाही.

आधी वयाचं बोलू. लहान मुलं भाषा पटकन उचलतात असं सगळे म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. उच्चारात मुलं पुढे जातात, लांबच्या हिशोबात पण जातात, मान्य. पण सुरुवातीचे महिने बघाल तर मोठा माणूसच जास्त भराभर पुढे सरकतो, कारण त्याला नियम सांगितला की कळतो आणि एक भाषा त्याच्याकडे आधीच पक्की असते. आपली पक्की भाषा कुठली, तर मराठी. आणि आपण शिकायला जातो कशातून, तर इंग्लिशमधून, जी आपल्यातल्या निम्म्या लोकांना मुळात अडखळत येते. माझं सगळं म्हणणं एवढ्यावरच आहे.

मी पण तेच केलं होतं. एका सुट्टीत मुंबईत क्लास लावला, तीन महिने दर शनिवार रविवार, राहायला मेहुण्याकडे. पुस्तक इंग्लिश, शिकवणं इंग्लिशमधून, फळ्यावर क्रियापदांचे तक्ते आणि आम्ही पंचवीस तीस जण खाली मान घालून उतरवून घेतोय. तीन महिन्यांत मी स्वतःच्या तोंडाने सलग चार वाक्यं बोललो नाही. त्या बाई मनापासून शिकवायच्या, पण एक धडा आला आवडण्याचा, त्यावर त्यांनी दोन तास घालवले, हे उलटं असतं, विचित्र असतं, इंग्लिशमध्ये असं नाही, म्हणून पाठच करा. मे गुस्ता एल मांगो. मे गुस्तान लोस मांगोस. रात्री मेहुण्याच्या गॅलरीत बसून मी ते मराठीत लिहिलं आणि बघतच राहिलो. मला आंबा आवडतो. मला आंबे आवडतात. अहो हे तर अक्षरशः आपलंच वाक्य आहे! इंग्लिशवाला म्हणतो मी आंबा लाइक करतो, आपण म्हणतो मला आवडतो, स्पॅनिशवाला पण मलाच म्हणतो, आणि आंबे जास्त झाले की क्रियापद आंब्यांप्रमाणे बदलतं, आपल्यासारखंच. दोन तास ज्याला विचित्र म्हणत होतो ते आमच्या आजीला पहिल्या मिनिटाला कळलं असतं.

त्या रात्रीपासून मी वही बदलली. डावीकडे स्पॅनिश, उजवीकडे मराठी, इंग्लिश कुठेच नाही. मग एकेक सापडत गेलं. लहानपणी मी खाडीत पोहायचो आणि काल पोहलो, यात आपण फरक करतोच ना? पोहायचो म्हणजे सवय, पोहलो म्हणजे एकदा झालं आणि संपलं. स्पॅनिशमध्ये पण दोन वेगळे भूतकाळ, नादाबा म्हणजे पोहायचो, नादे म्हणजे पोहलो. सगळ्या जागी तंतोतंत जुळत नाही पण दहातल्या सात आठ वेळा "-यचो" लावून बघितलं की उत्तर मिळतं. पुढचं तर त्याहून भारी. किएरो के बेंगास. इंग्लिशमधून शिकणारे या रूपाला सगळ्यात जास्त घाबरतात, त्यावर जाडजूड पुस्तकं आहेत, आणि आपल्याकडे ते काय आहे, तर "तू यावंस असं मला वाटतं". यावंस, करावंस, बोलावंस. आपण रोज घरात वापरतो. तू आणि उस्तेद पण तसंच, तू म्हणजे आपलं तू, उस्तेद म्हणजे तुम्ही, कोणाला काय म्हणायचं ते आपल्याला कोणी शिकवायला लागत नाही.

अडतं कुठे ते पण सांगतो, नाहीतर म्हणाल हा नुसतं गोड बोलतोय. आपल्याला एकच "आहे", त्यांना दोन, सेर आणि एस्तार. एस आबुर्रीदो म्हटलं तर माणूस कंटाळवाणा, एस्ता आबुर्रीदो म्हटलं तर तो आत्ता कंटाळलाय. इथे मराठी फार कामाला येत नाही, वाक्यं ऐकून ऐकूनच बसतं, मला दीड वर्ष लागलं आणि अजून कधीतरी चुकतो. लिंगाचं पण तसंच, आपल्याला तीन लिंगांची सवय म्हणून गोंधळ कमी होतो पण कुठल्या वस्तूला कुठलं ते पाठच करावं लागतं. हाताला मानो म्हणतात, शेवट ओ चा पण शब्द स्त्रीलिंगी, ला मानो. म्हणून शब्द कधी एकटा पाठ करू नका, पुढे एल (पुल्लिंगी) किंवा ला (स्त्रीलिंगी) लावूनच करा.

उच्चार. यावर मी जास्त लिहिणार, कारण इथे मराठी माणूस फुकटचा मार खातो. अक्षरं रोमन दिसली की आपलं तोंड आपोआप इंग्लिश वाचायला लागतं, टी दिसला की ट, डी दिसला की ड. स्पॅनिशमध्ये ट आणि ड नाहीतच! तिथे त आणि द आहे, आपला दाताला जीभ लावून म्हणतो तो. टोमॅटोला तोमाते. आणि प त क मध्ये हवा सोडायची नाही, आपण पाणी म्हणताना सोडत नाही तशीच. स्वर पाच, आ ए ई ओ ऊ, जवळजवळ सगळीकडे जसे दिसतील तसेच. म्हणून पहिले पंधरा दिवस मी सगळं देवनागरीत लिहायला सांगतो. रोमन वाचायला लागणारच आहे, पण आधी कानात त आणि द बसू दे. र चं बघा, पेरो म्हणजे पण, पेर्रो म्हणजे कुत्रा. मुलगा म्हणाला काका दोन्ही सारखंच ऐकू येतंय. मी म्हटलं दर्या म्हण, आता डोंगरातल्या दऱ्या म्हण. सारखं आहे? नाही ना. मराठीत र चा एवढा बारीक फरक तुझा कान पकडतो, मग तो पण पकडेल, आठवडाभर ऐक. चार दिवसांनी पकडला त्याने.

आता शब्द. कोकणातल्या माणसाला इथे जुनी पुण्याई आहे. पोर्तुगीज चौलला 1740 पर्यंत होते, कोर्लईला तर त्यांच्या भाषेतून झालेली बोली आजही घराघरात बोलतात, आणि पोर्तुगीज म्हणजे स्पॅनिशची सख्खी बहीण. मेज तिकडे मेसा, पाव म्हणजे पान, चावी म्हणजे याबे, साबण म्हणजे खाबोन. पगार हा शब्द तर तसाच्या तसा आहे, फक्त तिकडे पागार म्हणजे पैसे देणे. सगळंच जुळेल असं धरून चालू नका हां, आपला लिलाव पोर्तुगीजांकडून आला पण स्पॅनिशमध्ये त्याला सुबास्ता म्हणतात.

लिलावावरून आठवलं, आकडे. भाषेत सगळ्यात शेवटी पक्के होतात ते आकडे, कारण पुस्तकात आपण ते सावकाश वाचतो आणि खऱ्या जगात ते पळत असतात. मी घरी असलो की संध्याकाळी हर्णै बंदरावर जातो, मासळीचा लिलाव चालू असतो, बाया बोली लावत असतात, आणि मी बाजूला उभा राहून प्रत्येक बोली तोंडातल्या तोंडात स्पॅनिशमध्ये म्हणतो. बाराशे, मिल दोसिएंतोस. तेराशे, मिल त्रेसिएंतोस. पंधराशे, मिल किनिएंतोस. विचार करायला वेळच मिळत नाही, पुढची बोली आलेली असते. एका सीझनमध्ये आकडे असे बसले की आता बंदरात कोणी फोन नंबर सांगितला तर थेट लिहून घेतो. पाटीतल्या मासळीची नावं पण तिथेच झाली, कोळंबी कामारोन, माकूल कालामार, कुर्ली कांग्रेखो, शेवंड लांगोस्ता. तुम्ही आंब्याच्या धंद्यात असाल तर पेट्या मोजताना करा, हॉटेल असेल तर बिल करताना करा. जे रोज हाताखालून जातं त्याचेच शब्द आधी घ्या. सुरुवातीच्या धड्यात विमानतळ आणि हॉटेल बुकिंग का असतं मला आजपर्यंत कळलेलं नाही.

ॲपबद्दल विचारतात. शब्द पाठ करायला ठीक आहेत. माणूस विसरतो कसा ते एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने 1885 मध्येच मांडून ठेवलंय, विसरायच्या बेताला आलं की पुन्हा बघायचं, अंतर वाढवत न्यायचं. आंकी नावाचं फ्लॅशकार्डचं ॲप तेच करतं, मी वापरतो, रोज दहा मिनिटं. पण कार्डावर तयार वाक्यं घेऊ नका, स्वतःची टाका. माझं पहिलं कार्ड होतं "पंप गळतोय". आणि ॲपवर दोनशे दिवसांची स्ट्रीक झाली, म्हणजे एकही दिवस न चुकवता केलं, म्हणून भाषा आली असं समजू नका, बोट टेकवून उत्तर निवडणं वेगळं आणि समोर माणूस उभा असताना तोंड उघडणं वेगळं.

तोंड माझं खरं उघडलं ते काय्याओला, पेरू देशातलं बंदर, लिमाला लागून. समुद्राच्या पाण्याचा पंप ग्लँडमधून, म्हणजे शाफ्ट बाहेर येतो तिथल्या आवळायच्या भागातून, भयंकर गळत होता, त्यात पाणी अडवणारं नवीन पॅकिंग भरलं, किनाऱ्यावरच्या वर्कशॉपमधून एक म्हातारा आला होता, सगळे त्याला माएस्त्रो म्हणत होते. आपला मिस्त्री शब्द पण त्याच कुळातला, पोर्तुगीजांकडून आलेला. स्पॅनर माझ्या हातात, टॉर्च त्याच्या. त्याला इंग्लिश शून्य. "पोको आ पोको," म्हणाला, म्हणजे हळूहळू. मी एक नट जरासा आवळला, मग समोरचा जरासा. "मास," म्हणजे अजून. परत जरासं. "मास. ओत्रो पोकीतो." अजून थोडंसंच. ग्लँड पूर्ण आवळायचा नसतो, पाण्याचा थेंब थेंब पडत राहायला लागतो, नाहीतर पॅकिंग जळतं आणि शाफ्टवर चरे पडतात. धार बारीक झाली, तुटली, थेंब सुरू झाला, आणि बरोबर त्या थेंबाला त्याने हात वर केला, "या!" पुस्तकात या चा अर्थ मी "आधीच" असा पाठ केला होता आणि तो मला कधी नीट वापरता आला नव्हता. त्या क्षणी कळलं, हे आपलं "झालं" आहे. या एस्ता, झालं. या बोय, आलोच. इतकं सोपं. त्यानंतर तासभर आम्ही बोलत होतो, माझ्या चुका चालूच होत्या, तो दुरुस्त करत होता, पोरंबाळं किती, गाव कुठलं, तुमच्याकडे पाऊस किती. वर चीफ इंजिनियर विचारतोय अजून किती वेळ, आणि मला तर तिथून हलायचं नव्हतं.

ज्यांना असा माणूस समोर मिळत नाही त्यांनी शोधा. बोटीवर असाल तर फिलिपिनो पोरांकडून सुरुवात करा, त्यांच्यावर स्पेनचं राज्य तीनशेच्या वर वर्षं होतं, ते टेबलाला मेसा म्हणतात, चमच्याला कुत्सारा, आणि दोन वाजले की आलास दोस, स्पॅनिश आ लास दोसच. घरी असाल तर मोबाइलवर व्हॉइस मेसेज अदलाबदल करणारे लोक मिळतात, कोलंबियातला एक शाळामास्तर चार वर्षं मला मेसेज पाठवतोय, मी पण पाठवतो. व्हॉइस मेसेजचं बरं असं की तीनदा ऐकता येतं आणि लाज वाटली तर परत रेकॉर्ड करता येतो. पण पहिल्या महिन्यापासूनच करा, "आधी नीट शिकतो मग बोलतो" म्हणणारे मी खूप पाहिले, ते अजून शिकतायत.

वेळ किती लागेल हे विचारलं त्या मुलाने, ते खरं सांगायलाच हवं. अमेरिकेचं परराष्ट्र खातं त्यांच्या अधिकाऱ्यांना स्पॅनिश शिकवतं, कामकाज करण्याइतकं यायला ते वर्गातले 600 ते 750 तास धरत आलेत. रोज पाऊण तास केलात तर सव्वादोन ते पावणेतीन वर्षं होतात. रोज म्हणजे रोज, रविवारी सहा तास बसून ते भरून निघत नाही. मी इंजिन रूममधून वर आलो की आंघोळीच्या आधी करायचो, कारण आंघोळ झाली की झोप येते. तुमची वेळ तुम्ही ठरवा पण कशाला तरी बांधून ठेवा, चहाला, दुकानाचं शटर उघडायच्या आधीच्या वेळेला, कशालाही.

मी शिमग्यापर्यंत घरी आहे. दापोली, हर्णै, आंजर्ले या बाजूला कोणी असेल तर संध्याकाळी लिलावाच्या वेळेला बंदरावर या, तो मुलगा पण येतो आता रोज. वही पेन आणा. पैसे वगैरे काही नाही. फक्त तिथे आल्यावर इंग्लिश बोलायचं नाही, एवढी एकच अट.