‘आवाज कुठूनही येवो, काय फरक पडतो?’ या प्रतिक्रियेला उत्तर

सरकारी हेल्पलाइनचं कंत्राट देताना फोन उचलणारी माणसं स्थानिकच हवीत ही अट घालावी, या माझ्या म्हणण्यावर तुम्ही चार आक्षेप घेतलेत. आवाज तारेवरून येतो, त्यामुळे माणूस कुठे बसलाय याने काही बिघडत नाही. खर्च वाढतो. कंत्राटदार दारावर स्थानिक पाटी लावून कॉल भलतीकडेच वळवणार. आणि अशाच अटीमुळे एकदा मुंबईतल्या पोरांचं काम गेलं, तेव्हा मराठीत लिहिणाऱ्याने तिची बाजू घेणं म्हणजे दुटप्पीपणा. यातला तिसरा आक्षेप खरा वजनदार, म्हणून जास्त जागा त्यालाच देतो.

आधी मुंबईचं. तुमचा रोख अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याकडे आहे. तिथल्या सरकारी मदतीच्या लाभार्थ्यांचे फोन घ्यायचं कंत्राट ईफंड्स या कंपनीकडे होतं, आणि कंपनीने ते काम विस्कॉन्सिनमधल्या ग्रीन बेहून मुंबईला हलवलं. २००२ मध्ये न्यू जर्सीच्या राज्य सिनेटर शर्ली टर्नर यांनी त्याविरुद्ध विधेयक आणलं. काम मुंबईहून न्यू जर्सीतल्या कॅम्डेनला आणलं गेलं, खर्च वाढला, आणि तिथे आलेल्या नोकऱ्या मोजक्याच होत्या. कायदा व्हायला २००५ उजाडलं. पण त्यातली अट नीट वाचा: राज्याच्या कंत्राटी सेवा ‘अमेरिकेत’ दिल्या जाव्यात, एवढंच ती म्हणते. न्यू जर्सीत म्हणत नाही. म्हणजे काम ग्रीन बेलाच राहिलं असतं तर या कायद्याने त्याला हातही लागला नसता. ‘स्थानिक’ म्हणजे देश, राज्य की जिल्हा, हे निविदेत लिहिलं नाही तर प्रत्येक जण आपल्या सोयीचा अर्थ काढतो. दुटप्पीपणाबद्दल म्हणाल, तर स्वतःच्या पैशाने सेवा विकत घेणाऱ्या सरकारने ती कुठून घ्यायची हे ठरवणं आणि खाजगी कंपन्यांना बाहेर काम द्यायला बंदी करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी फक्त पहिलीबद्दल बोलतोय.

खर्चाचं तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण कारण चुकलंय. तुम्ही फक्त पगार धरलात. कामाचे तुकडे केल्यानेही खड्डा पडतो. समजा अर्ध्या तासात १२० कॉल येतात आणि एका कॉलला नोंदीसकट सरासरी ४ मिनिटं लागतात. ८० टक्के कॉल २० सेकंदांत उचलायचे, तर एर्लांग-सी सूत्राने (किती कॉलना किती माणसं लागतील हे काढायचं गणित) एकाच केंद्रात २० एजंट, म्हणजे फोन उचलणारी माणसं, लागतात. १९ केले तर प्रमाण ७१ टक्क्यांवर येतं, १८ केले तर ५५ वर. हेच काम दोन जिल्ह्यांत निम्मं निम्मं वाटलं की प्रत्येकी ११, म्हणजे २२ लागतात, कारण एका ठिकाणी रिकामा बसलेला माणूस दुसरीकडची रांग कमी करू शकत नाही. रजा, प्रशिक्षण, चहा-जेवण यांत ३० टक्के वेळ जातो असं धरलं, तर पटावर २९ ऐवजी ३२ माणसं ठेवावी लागतात. म्हणून ‘प्रत्येक जिल्ह्यात एक केंद्र’ असल्या घोषणेला माझा विरोधच आहे. तुकडे करायचेच असतील तर रांग एकच ठेवा, खुर्च्या दोन गावांत असू द्या. मग आकडा परत २० वर येतो.

आता ‘माणूस कुठे बसलाय याने काही बिघडत नाही’ या आक्षेपाची गंमत बघा. दोन केंद्रांच्या रांगाही वेगळ्याच ठेवल्या, पण सरासरी कॉल ३० सेकंदांनी आखूड झाला, तर प्रत्येकी १० एजंटांत लक्ष्य गाठलं जातं. बोलीभाषा, गावांची नावं, कार्यालयाचं लोकांच्या तोंडी असलेलं नाव चटकन कळणारा माणूस हे ३० सेकंद वाचवू शकतो. वाचवेलच असं मात्र नाही. कॉल लांबतो तो अनेकदा एजंटला अर्जाची स्थिती स्क्रीनवर दिसत नाही म्हणून. दिसली तरी दुरुस्तीचा अधिकार नसतो म्हणून. त्या जागी कुठल्याही गावचा माणूस बसवा, ‘तुमची तक्रार नोंदवून घेतली आहे’ यापलीकडे तो काय बोलणार?

आता पाटी लावून कॉल वळवण्याचं. कंत्राटदाराचं नोंदणीकृत कार्यालय स्थानिक असावं, अशी अट असेल तर तिला काडीचा अर्थ नाही. अट खुर्चीवर हवी: ज्या क्षणी कॉल उचलला, त्या क्षणी तो माणूस कुठे बसला होता. तपासायचं कसं? तीन नोंदी एकमेकींशी ताडायच्या: कॉल वाटणाऱ्या प्रणालीतले एजंटवार लॉगिन, केंद्राचा हजेरीपट, आणि पगारपत्रक. एकाच नोंदीवर भिस्त ठेवू नका. व्हीपीएन (इंटरनेटवर आपलं खरं ठिकाण झाकणारी सोय) वापरलं की संगणकाचा इंटरनेटवरचा पत्ता हवा तिथला दाखवता येतो, पण ज्या आयडीवरून ३०० कॉल घेतले गेले त्या माणसाचं नाव पगारपत्रकात नसेल तर ते लपत नाही.

गळती बहुधा चार फटींतून होते: गर्दीच्या वेळचे जादा कॉल, रात्रपाळी, ईमेल-चॅट, आणि रेकॉर्डिंग ऐकून गुण देणारा गट. निविदेत ‘कॉल’ एवढाच शब्द असेल तर शेवटच्या दोन फटी उघड्याच राहतात. घरून काम चालणार की नाही तेही लिहावं, नाहीतर पहिला वाद तिथेच होतो. पूर किंवा वीज गेल्यावर काम बाहेर वळवायची मुभा द्यावीच लागते, पण किती तास आणि कुणाच्या लेखी परवानगीने, ते करारात हवं. नाहीतर ‘तात्पुरतं’ वर्षभर चालतं.

दंडाचं गणितही नीट करा. बाहेर उचललेल्या कॉलवर ५ टक्के कपात लावली आणि बाहेर उचलण्याने कंत्राटदाराचे ३० टक्के वाचत असतील, तर तो दंड हसत हसत भरेल. त्या कॉलचं देयकच शून्य करा आणि पुन्हा घडलं तर करार रद्द. न्यू जर्सीतही कराराच्या मुदतीत काम देशाबाहेर हलवलं तर तो करारभंग ठरतो आणि कंत्राट काढून घेता येतं.

‘मग पुढच्या निविदेत कंत्राटदार बदलला की सगळं कोसळणार’, असंही तुम्ही जाता जाता लिहिलंय. कोसळतं ते टोल-फ्री क्रमांक, रेकॉर्डिंग आणि प्रश्नोत्तरांचा संग्रह कंत्राटदाराच्या नावावर असल्यामुळे. हे तिन्ही पहिल्या दिवसापासून खात्याच्या नावावर घ्या, आणि हस्तांतराचे सहा आठवडे जुना-नवा दोघांना पैसे द्यायची तरतूद ठेवा. केंद्र स्थानिक असेल तर जुने एजंट नव्या कंत्राटदाराकडे त्याच गावात रुजू होऊ शकतात, प्रशिक्षणाचे आठवडेही वाचतात. तुमच्या हिशेबात हा जमेचा रकाना राहून गेलाय.