रुतलेल्या गाडीला सल्ले फार
फोर बाय फोर (चारही चाकांना जोर पोचणारी गाडी) घेणाऱ्याला ‘मायलेज किती?’ असं कोणी विचारत नाही. ‘टायर कुठले टाकणार?’ हाच पहिला प्रश्न. बॉनेटवरचं कुंकू अजून ओलं असतं आणि स्टेपनीसकट पाचही टायर नापास झालेले असतात.

मारुतीच्या जिमनीचंच घ्या. कंपनीचा टायर १९५/८० आर १५, म्हणजे रुंदी १९५ मिलिमीटर, बाजूची भिंत तिच्या ८० टक्के आणि रिम १५ इंची. मालकाला हवा असतो २३५/७५ आर १५, का तर गाडी ‘भरलेली’ दिसते. आता गणित करा. १९५चे ८० टक्के म्हणजे १५६ मिलिमीटरची भिंत, दोन बाजूंची मिळून ३१२, त्यात रिमचे ३८१. व्यास ६९३. नव्याचा येतो ७३३.५. चाळीस मिलिमीटर वाढले म्हणून पेढे वाटू नका, गाडी त्याच्या निम्मीच उचलली जाते. गियरिंग मात्र जवळपास ६ टक्क्यांनी लांबतं, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात गाडी तेवढी जास्त पुढे जाते. काट्यावर ८० असताना गाडी ८५च्या घरात असते, आणि घाटात जिथे तिसरा पुरायचा तिथे ती दुसरा मागते. शिवाय स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर आतल्या प्लास्टिकला घासू शकतो. ही बातमी टायरवाला पैसे मोजून झाल्यावर देतो. माझं मत विचाराल तर २१५/७५ आर १५वर थांबा. व्यास ७०३.५, गियरबॉक्सला पत्ताही लागत नाही.

मग नक्षीचा घोळ. काळ्या मातीत ए/टीची (ऑल-टेरेन, सगळ्या रस्त्यांसाठीचा टायर) नक्षी बघता बघता भरते आणि कोरा टायर गोटा झाल्यासारखा वागतो. एम/टीच्या (मड-टेरेन, खास चिखलाचा टायर) ठोकळ्यांमधल्या रुंद फटी चिखल बाहेर फेकतात. पण तोच एम/टी ओल्या डांबरावर ब्रेक मारला की विचार करत करत थांबतो, आणि हायवेला केबिनमध्ये पिठाची गिरणी सुरू होते. वर्षातले तीनशे दिवस सिग्नलला उभं राहणाऱ्याने मुकाट्याने ए/टी घ्यावेत.

खरं औषध टायरच्या आतच असतं, तेही फुकट. हवा! चिखलात १८ ते २० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), कोरड्या वाळूत १५च्या आसपास. हवा उतरली की टायर लांबट पसरतो आणि जमीन धरतो. १५च्याही खाली जाऊन स्टिअरिंग झटक्यात वळवलं तर टायर रिमवरून निसटतो. डांबरावर परतण्याआधी हवा पुन्हा भरायची, म्हणून कॉम्प्रेसर हवा, तोही थेट बॅटरीला चिमटे लावायचा. लायटरच्या सॉकेटवरचा दमतो, नाहीतर फ्यूज उडवतो. पण हवा उतरवलेल्याचा फोटो चांगला येत नाही, त्यामुळे हा सल्ला खपत नाही.

डिफरन्शियलचा, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत जोर वाटणाऱ्या गियरचा, न्याय तर अजबच. एक चाक हवेत लटकलं की त्याला फिरायला जेवढा जोर पुरतो, तेवढाच जमिनीवरच्या जोडीदाराला मिळतो. वर्गातल्या सगळ्यात ढ मुलाच्या वेगाने अख्खा वर्ग शिकवावा, तसं. लॉकर ही जोडी बांधून टाकतो, दोन्ही चाकं एकत्रच फिरतात. जिमनीत लॉकर नाही, ती फुकट फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून जोर दुसरीकडे वळवते. त्यासाठी चाक फिरू लागलं तरी ॲक्सिलरेटर तसाच स्थिर धरावा लागतो. आपण नेमका तेव्हाच घाबरून पाय काढतो. फोर-लोमध्ये (चारही चाकांचा हळू गियर) वेग निम्मा आणि जोर साधारण दुप्पट, तो गाडी उभी करून टाकायचा. आणि कोरड्या डांबरावर फोर व्हील लावून वळू नका. पुढची-मागची चाकं वेगळं अंतर कापतात, मधे ढील नसते, आणि गाडी अडेलतट्टूसारखी अडकत चालते.

रुतलेली गाडी ओढताना दोर टो-बॉलला (ट्रेलर अडकवायचा मागचा गोळा) कधीही नाही. तो गोळा तुटला तर तोफगोळाच होतो. दोर चॅसिसच्या हुकाला, आणि बघे दोराच्या रेषेबाहेर.

ट्रॅक्शन बोर्ड (चाकाखाली घालायच्या दातेरी फळ्या) असतील तर आधी फावड्याने चाकापुढची माती काढा, बोर्ड चाकाखाली नीट सरकवा, फोर-लो, पहिला गियर, अगदी हळू. चाक जागच्या जागी फिरलं तर बोर्डाचे प्लास्टिकचे दात वितळतात. नेमकं त्याच वेळी बांधावर जमलेली मंडळी एकसुरात ओरडतात, ‘‘रेस द्या, अजून रेस द्या!’’