अळ्या घरी आणून निसर्ग वाचत नाही हो

सुट्ट्या लागल्या की तो मेसेज परत फिरायला लागतो. "मुलांचा मोबाईल सोडवा, घरी फुलपाखरं वाढवा" अशी सुरुवात आणि खाली ठासून सांगितलेले मुद्दे. बाहेर शंभरातल्या दोनच अळ्या जगतात आणि घरी नव्वद, म्हणून दिसतील तेवढ्या उचलून आणा. कोषातून निघणाऱ्या फुलपाखराला मदत करू नका, त्या झगड्यातूनच पंखांत बळ येतं. पंखाची पावडर निघाली की ते मरतं. अळीवर गांधीलमाशी दिसली तर मारा. आणि अळ्या नाहीच मिळाल्या तर ऑनलाइन मागवा, लेडीबग (ठिपक्यांचा छोटा भुंगा), बेडूकमासे, काहीही आणा, मोठं करा आणि सोडा, पुण्यच लागेल.

आधीच सांगते, मी अळ्या पाळण्याच्या विरोधात नाही, आमच्याकडे दरवर्षी एक-दोन बरण्या असतातच, लेक शाळेतून आली की दप्तर टाकून आधी बरणीत डोकावते. म्हणूनच हा मेसेज जास्त खटकतो.

पहिलं म्हणजे ते नव्वद आणि दोनचं गणित. मोनार्क म्हणजे अमेरिकेतलं, लांब स्थलांतर करणारं फुलपाखरू, त्याची एक मादी तीनशे-चारशे अंडी घालते, त्यातली सरासरी दोन मोठी होऊन पुढे अंडी घालेपर्यंत जगली तरी संख्या जिथल्या तिथे राहते. उरलेल्या "वाया" जातात असं आपल्याला वाटतं, पण त्या कुणाच्या तरी पोटात जातात ना. चिकडी नावाचा चिमणीहून लहान पक्षी असतो, त्याला एका वेळची पिल्लं मोठी करायला सहा ते नऊ हजार अळ्या लागतात असा अभ्यासकांचा हिशोब आहे! म्हणजे आपण झाडावरून "वाचवून" आणलेली अळी एखाद्या पिल्लाच्या तोंडची असते.

बरं, आणून एकाच डब्यात चाळीस अळ्या ठेवल्या की काय होतं? आजार. मोनार्कला एक सूक्ष्म परजीवी लागतो, त्याला थोडक्यात ओई म्हणतात, त्याचे कण मोठ्या फुलपाखराच्या अंगावरून अंड्यांवर आणि पानांवर पडतात, अळी ते पानासोबत खाते आणि पुढे दुबळं फुलपाखरू निघतं, कधी कधी निघतच नाही. गर्दीत हे फार पटकन पसरतं, आणि घरात पक्षी नाहीत, पाऊस नाही, त्यामुळे बाहेर जी कमजोर अळी गळून गेली असती तीही शेवटपर्यंत पोचते आणि आपण ती टाळ्या वाजवत बाहेर सोडतो. 2020 साली आलेल्या एका अभ्यासात घरात वाढवलेले मोनार्क रंगाने फिके आणि पकडीला कमजोर निघाले. 2019 च्या एका अभ्यासात घरात वाढवलेल्यांना स्थलांतराची दक्षिण दिशाच धरता येईना. खरं तर 2021 मध्ये दुसऱ्या लोकांनी छोटे ट्रान्समीटर लावून बघितलं तेव्हा बाहेर सोडल्यावर बरेचसे नीट दिशेला गेले, म्हणजे ते भांडण अजून मिटलेलं नाही. पण अमेरिकेतली झर्सिस सोसायटी, जी किडे वाचवायचंच काम करते, तीसुद्धा एका घराने वर्षाला दहापेक्षा जास्त मोनार्क वाढवू नका म्हणते. दहा! मेसेज म्हणतो दिसतील तेवढ्या.

आता ती कोषाची गोष्ट. सगळ्यांची लाडकी, भाषणात पण येते. एक माणूस दया येऊन कात्रीने कोष कापतो, फुलपाखरू सहज बाहेर येतं पण त्याला उडताच येत नाही, कारण म्हणे त्या फटीतून घुसमटत बाहेर पडतानाच अंगातला रस पंखांत ढकलला जातो. ऐकायला भारी आहे, फक्त तसं होत नाही. आमच्याकडे निघताना मी घड्याळ लावून बघितलंय, कोषाला चीर पडल्यापासून फुलपाखरू बाहेर लटकेपर्यंत दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत, तासन् तास झगडा वगैरे काही नाही. बाहेर येतं तेव्हा पंख चुरगाळलेले, बोटाच्या नखाएवढे असतात, आणि खरं काम त्याच्यानंतर सुरू होतं, ते उलटं लटकतं, पोट आवळून आवळून रस पंखांच्या शिरांमध्ये भरतं, पंधरा-वीस मिनिटांत पंख उलगडतात आणि मग काही तास वाळवत बसतं. मध्येच खाली लालसर थेंब पडतो, मुलं घाबरतात रक्त म्हणून, रक्त नाही ते, कोषात साठलेली घाण असते.

म्हणजे त्या वेळी त्याला कशाची गरज असते तर लटकायला खरबरीत जागा आणि खाली मोकळी जागा. पडलं तर बोट पुढे करायचं, ते चढतं, आणि अलगद जाळीला लावायचं. ही मदत करायचीच आहे, नाही केली तर पंख वाकडेच वाळतात! आणि जे फुलपाखरू खरंच कोषात अडकतं ते बहुतेक वेळा आधीच आजारी असतं किंवा हवा फार कोरडी असते. म्हणजे मदत केली म्हणून ते लुळं झालं असं नाही, आधीच कमजोर होतं म्हणून मदतीची वेळ आली. शिवाय गोष्टीत कात्रीने कापतात तो रेशमी कोष बहुतेक पतंगाचा असणार, फुलपाखराचा कोष म्हणजे अळीने शेवटची कात टाकल्यावर आतून निघून कडक झालेलं तिचंच अंग असतं, आणि रेशीमकिडा तर तोंडातून स्राव सोडून रेशीम मऊ करून बाहेर येतो. संघर्षाची शिकवण द्यायचीच असेल तर दुसरं काहीतरी शोधा.

पावडरीचं लवकर आटपते. ते बारीक खवले असतात, थोडे गेले तर फुलपाखरू मरत नाही, रानात उडणारी फुलपाखरं अर्धी झिजलेलीच दिसतात. मोनार्कचा अभ्यास करणारे अमेरिकेतले मोनार्क वॉचवाले 1992 पासून पंखावर गोल स्टिकर चिकटवून त्यांना सोडतायत आणि ती हजारो किलोमीटर जातात. चिमटीत धरून ओढाताण करू नये हे मात्र खरंच, पंख फाटतो.

गांधीलमाशी मारा, हा मुद्दा मला सगळ्यात वाईट वाटतो. मागे आमची एक अळी अचानक खायची थांबली आणि सकाळी तिच्या अंगावर कणीएवढे पिवळट कोष चिकटलेले. लेक रडली. फेकून दे म्हणाली. नाही फेकलं, काही दिवसांनी त्यातून मुंगीपेक्षा लहान पंखवाल्या गांधीलमाश्या निघाल्या आणि तिने त्यांचंपण चित्र काढलं, अळीपेक्षा मोठं. अळ्या सगळ्या झाडांचा फडशा पाडत नाहीत त्यात या माश्यांचा मोठा हात आहे. आणि सुंदर ते वाचवायचं, किळसवाणं ते मारायचं, हे मुलांना आपणच कशाला शिकवायचं?

राहिलं ऑनलाइन मागवून सोडणं. 1869 च्या सुमारास ट्रुव्हेलो नावाच्या हौशी माणसाने अमेरिकेत मेडफर्ड गावी, घरामागच्या अंगणात, रेशमाच्या प्रयोगासाठी युरोपातल्या स्पाँजी मॉथ नावाच्या पतंगाच्या अळ्या पाळल्या होत्या. काही निसटल्या. वीस वर्षांनी त्या भागातली झाडं बोडकी व्हायला लागली आणि तो त्रास आजतागायत चालूय. आशियातला हार्लेक्विन लेडीबग मावा खातो म्हणून मुद्दाम नेऊन सोडला गेला, 2004 मध्ये ब्रिटनमध्ये दिसला आणि तिथला दोन ठिपक्यांचा लेडीबग झपाट्याने कमी झाला. बेडूकमासे तर एका डबक्यातून दुसऱ्या डबक्यात पण नेऊ नयेत, बेडकांच्या कातडीला लागणारी कायट्रिड बुरशी पाण्यासोबत जाते, आणि 2019 च्या एका मोठ्या अभ्यासात पाचशेहून जास्त उभयचर जाती या बुरशीने घटल्या असं निघालं. काडीकिडा पाळलात तर अजून गंमत, कित्येक जातींत मादी नराशिवायच अंडी घालते, अंडी दिसतात बियांसारखी, आपण डबा झटकतो आणि ती कचऱ्यासोबत बाहेर. म्हणून ती आधी फ्रीजरमध्ये ठेवून मग टाकायची. पाळीव रेशमाचे पतंग सोडायचा प्रश्नच नाही, त्यांना उडता येत नाही, खातापण येत नाही.

आणि हो, मेसेजच्या शेवटी लिहिलंय की सगळ्या मुलांनी मिळून संध्याकाळी एकदम सोडा, व्हिडिओ छान येतो. फुलपाखरू ऊन खाऊन अंग तापल्याशिवाय उडू शकत नाही, संध्याकाळी सोडलं तर पटकन खाली बसतं आणि रात्रभर तिथेच राहतं, मुंग्या असतातच. सकाळी ऊन आल्यावर, अळी जिथून आणली त्याच झाडाजवळ सोडा. व्हिडिओ त्यात नीट येत नाही, ते अर्धा तास नुसतं बसून राहतं.