धरायचं सोडून सगळं करणारे क्लॅम्प

क्लॅम्पला जन्मात एकच काम दिलंय: धरणं. कापायचं नाही, घासायचं नाही, फिरायचं नाही, नुसतं धरून गप्प बसायचं. हल्ली बाजारात जे एफ क्लॅम्प सर्रास गळ्यात मारले जातात त्यांना तेवढंही होत नाही. आणि विकणाऱ्याला हे कळत नाही असं समजू नका. चांगलं कळतं.

एफ क्लॅम्पमध्ये भानगड काहीच नाही. एक लांब दांडी, तिच्या टोकाला एक पक्का जबडा आणि दुसरा दांडीवर सरकणारा, स्क्रूने आवळायचा. सरकणाऱ्या जबड्यावर ताण आला की तो दांडीवर किंचित तिरका होतो आणि त्या तिरकेपणानेच अडकून बसतो. म्हणून दांडीच्या कडेला बारीक खाचा लागतात. माझ्या वाट्याला आलेली दांडी कशी? गुळगुळीत, वर छान रंग फासलेला. सागवानी चौकटीचे कोपरे फेविकॉल लावून आवळले, वाटलं झालं काम. सकाळी बघतो तर एक जबडा दांडीवरून आरामात मागे सरकलेला आणि सांध्यात नख जाईल एवढी फट. फेविकॉल मात्र इमानदारीत वाळलेला. त्या बिचाऱ्याने आपलं काम चोख केलं.

दुकानात जाऊन दाखवलं. शेठ म्हणाले, ‘‘साहेब, तुम्ही फार आवळला असेल. इतका आवळायचा नसतो.’’ म्हणजे क्लॅम्प घ्यायचा, पण आवळायचा नाही! हेल्मेट विकत घेऊन ते कोपरात अडकवून गाडी चालवणाऱ्या शहरात हा युक्तिवाद खपतही असेल. मला नाही खपत.

व्हाइसची, म्हणजे टेबलाला पक्क्या बसवलेल्या, स्क्रूने आवळायच्या शिकंज्याची कथा तर विचारूच नका. ‘‘लाकडाच्या कामाचा व्हाइस द्या’’ म्हटलं की समोर येतो तो लोखंडकाम करणाऱ्या फिटरचा, करकरीत दातेरी जबड्यांचा. त्यात सागाची पट्टी धरली की दोन्ही अंगांना दातांचे ठसे. वर सल्ला, ‘‘मध्ये पुठ्ठा घाला.’’ अहो, लाकडाच्या व्हाइसचे जबडे रुंद आणि सपाट असतात, त्यांना लाकडी फळ्या ठोकायला भोकं असतात आणि तो टेबलाच्या कडेला खालून बसवतात. शोधून शोधून तसा एक मिळाला. जबडे वरच्या बाजूला आधी टेकले पाहिजेत, म्हणजे आवळल्यावर सगळीकडे सारखा दाब येतो. हा पठ्ठ्या आधी खाली टेकतो आणि वर फटीतून उजेड दिसतो. फळी रंध्याखाली डुलायला लागते. एका टोकाला काम धरलं की जबडा वाकडा होतो, म्हणून दुसऱ्या टोकाला तेवढ्याच जाडीचा तुकडा घालायचा असतो. ते करतो मी, त्याची तक्रार नाही. ते चांगल्या व्हाइसलाही करावं लागतं.

पण खरं डोकं फिरतं ते करवतीला धार लावताना.

करवतीच्या पात्याला दात्यांच्या मुळाशी, अगदी ४-५ मिलिमीटर खाली, आणि होता होईल तेवढ्या लांबीवर घट्ट धरावं लागतं. मध्ये आधार नसला की पातं थरथरतं. थरथरलं की कानस उडते, दात्याचा कोन बिघडतो, कानशीचे स्वतःचे दाते झडतात आणि जो आवाज निघतो तो ऐकून शेजारची भिंतही कानांवर हात ठेवेल. आता हिशेब करा. करवत १८ इंची, फिटरच्या व्हाइसचा जबडा ४ इंची. इंचाला ७ दाते धरले तर १२६ दाते. आडवं कापायच्या करवतीला एक सोडून एक खाच एका बाजूने घासायची, मग करवत उलटी करून उरलेल्या दुसऱ्या बाजूने. म्हणजे दर चार इंचांना सैल कर, सरकव, आवळ, पुन्हा सैल कर. आणि एवढं करून ते किंचाळणं आहेच.

लगेच सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज. ‘‘काही सभासद दुपारच्या वेळी कर्कश यंत्रे चालवत आहेत.’’ यंत्रे! हातात वीतभर त्रिकोणी कानस आहे हो काका! समोरच्या विंगमध्ये फरशी फोडायचं मशिन महिनोन्‌महिने चाललं तेव्हा ग्रुपवर फक्त ‘‘शुभ सकाळ’’ येत होतं.

बाहेरून धार लावून घ्यावी म्हटलं, तर सायकलवाला धारवाला सुरी-कात्री करतो, करवत बघून हात जोडतो. यंत्राची गोल पाती धारेला घेणारे आहेत, पण हातकरवत पुढे केली की, ‘‘नवीन घ्या ना, कशाला कटकट?’’ नव्या करवतींचे बरेचसे दाते कडक केलेले, टोकाला काळे-निळसर. त्यांच्यावर कानस नुसती घसरते. बोथट झाली की फेका. धार लावणारा उरला नाही म्हणून फेकायची करवत, आणि फेकायची करवत आली म्हणून धार लावणारा उरला नाही. बसा गोल गोल फिरत.

जुन्या बाजारात जुने दणकट व्हाइस यायचे. रविवारी गेलो तर एक होता. गंजलेला, पण स्क्रू धडधाकट. भाव ऐकून म्हटलं, ‘‘एवढा?’’ तर म्हणे, ‘‘अँटिक पीस आहे, कॅफेवाले नेतात.’’ नेतात आणि शोकेसमध्ये ठेवतात. वर बहुधा मनी प्लांट.

आणि आता ते ज्ञानी लोक, ज्यांना प्रत्येक गोष्ट ‘घरीच बनवता येते’. करवतीचा शिकंजा घरी बनवा म्हणे. दोन लांब फळ्या, खाली बिजागरी, वरच्या कडांना शिसवाची किंवा बाभळीची पट्टी चिकटवा, आणि ते सगळं व्हाइसमध्ये धरा. कल्पना उत्तम आहे, खरंच उत्तम आहे, दात्यांच्या मुळाशी सलग पकड मिळते. फक्त एवढं सांगा, त्या पट्ट्या फळ्यांना चिकटवताना धरून कशाने ठेवू?