धातुपेट्या म्हणजे पुरलेला खजिना नव्हे

कोल्हापुरात सध्या मोबाइलवर एक संदेश फार फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे की, स्तूपांतील बौद्ध धातुपेट्या (‘धातू’ म्हणजे येथे बुद्धाचे वा पूज्य व्यक्तींचे अवशेष; ते ठेवण्याच्या या पेट्या) हा व्यापाऱ्यांनी धर्माच्या आडून पुरलेला खजिना होता; बुद्धाच्या साधेपणाशी त्यांतील सोन्याचा मेळ बसत नाही; आणि कोल्हापुरातील ब्रह्मपुरी येथे पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची मूर्ती सापडली, त्याअर्थी इथल्या पेटीची कारागिरीही परदेशीच.

पहिला मुद्दा मुंबईजवळच्या सोपाऱ्याच्या पुराव्यापुढे टिकत नाही. पुरातत्त्व अभ्यासक भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये तेथील स्तूप उघडला, तेव्हा दगडी पेटीत तांब्याचा करंडक (झाकणाची डबी), त्याच्या आत एकात एक ठेवलेले चांदीचे, दगडाचे व स्फटिकाचे करंडक आणि सर्वांत आत सोन्याचा करंडक निघाला. त्या सोन्यात काय होते? सोन्याची फुले आणि मातीच्या भिक्षापात्राची १३ खापरे. ज्याला सोने दडवायचे असते तो ते मडक्यात घालतो. मडक्याचे तुकडे सोन्यात जपून ठेवत नाही.

दुसऱ्या मुद्द्याचे उत्तरही त्यातच आहे. साधेपणा हा भिक्षूच्या जगण्याचा नियम होता, उपासकाच्या दानावरचे बंधन नव्हे. शिवाय ही कलाकुसर मिरवण्यासाठी नव्हतीच. उत्तर प्रदेशातील पिप्रहवा येथील स्तूपात १८९८ मध्ये मिळालेल्या स्फटिकाच्या डबीच्या झाकणावर मुठीऐवजी मासा कोरलेला आहे. स्फटिकावर लोखंडी हत्यार चालत नाही. कठीण खड्याची भुकटी आणि पाणी घेऊन तो घासत घासतच आकारास आणावा लागतो, आणि हा मासा तर आतून पोकळ करून त्यात सोन्याचा पत्रा भरलेला आहे. इतके जिवापाड केलेले काम विटांच्या राशीखाली कायमचे बंद करण्यात आले. हे अर्पण होते, असे मला ठामपणे वाटते.

परदेशी कारागिरीचा मुद्दा तर फारच घाईचा आहे. गांधार प्रदेशातील (आजच्या अफगाणिस्तानातील) बिमरानच्या, तामड्याचे (गार्नेट) खडे जडवलेल्या सोन्याच्या करंडकावर पाश्चात्त्य वळण दिसते, हे मान्यच आहे. परंतु कोल्हापुरातील स्तूपात एकोणिसाव्या शतकात सापडलेल्या पेटीवर ब्राह्मी लिपीतला प्राकृत लेख आहे: बम्हाचे दान, धमगुताने करविलेले. दाता आणि काम करवून घेणारा, दोघांचीही नावे इथल्याच भाषेत स्पष्ट लिहिलेली असताना, व्यापाराच्या वाटेने आलेल्या एका मूर्तीच्या आधारे ही पेटी परक्यांच्या खात्यावर मांडता येत नाही.